स्टार्टरमधली काडी

दयाराम आमच्या अमडापूरच्या शिवारात भगवानरावांकडे सालदार होता, म्हणजे वर्षभराचा बांधलेला गडी. संत्र्याचा बगीचा राखायचा, पाणी द्यायचं, शिव्या खायच्या. माणूस कामाला वाघ, बोलायला मात्र कंजूस.

वीज आली तेव्हा भगवानरावांनी बैल विकले, मोट मोडली आणि मोटार बसवली. काही वर्षं चैन झाली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. वीज म्हणे धरणाच्या पाण्यावर तयार व्हायची, आणि ते धरण कुठं लांब कोरडं पडलेलं. पाऊस नाही म्हणून विहिरी खाली गेल्या, करंट जास्त लागू लागला. आणि पाऊस नाही म्हणूनच करंट कमी झाला. असल्या कारभाराला काय म्हणावं? आम्ही देवाला शिव्या दिल्या, वीजवाल्यांना दिल्या. दोघांनीही ऐकलं नाही.

करंट कधी यायचा याचा नेम नव्हता. करंट गेला की स्टार्टरचं बटण आपोआप सुटतं. तो परत आल्यावर मोटार माणसानं हातानं सुरू करायची असते. पण दिवसभर बटणापाशी बसणार कोण? सगळ्या शिवारानं एकच अक्कल लढवली. बटण दाबायचं आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी खोचून ठेवायची. करंट आला की मोटार आपली आपण चालू.

एकदा दयारामच्या स्टार्टरमधली काडी निसटली. करंट येऊन गेला, झाडं तहानलेलीच राहिली. भगवानराव त्याच्या बायकोसमोर, कलाबाईसमोर कडाडले, "आता करंट हुकला तं साल मोडतो तुह्यं. दुसरा गडी पाह्यतो." त्या वर्षात साल मोडणं म्हणजे उपाशी मरणं. कलाबाईनं तो धसकाच घेतला.

पुढं एका दुपारी पंपाच्या तोंडाशी गाळ बसला. विहिरीत पाणी गुडघाभर, मोटार खाली फळीवर उतरवलेली, वायरला चिंध्यांचे जोड. उतरण्याआधी दयारामनं माझ्यादेखत, आठवणीनं काडी काढली.

कलाबाई भाकर घेऊन स्टार्टरच्या खोपीत आली. विहीर तिथून लांब. पाहते तर काडी जमिनीवर! परत निसटली, असंच तिला वाटलं. तिनं हाका मारल्या, ओ आली नाही. तिनं बटण दाबलं, काडी घट्ट खोचली आणि निर्धास्त होऊन निंबाखाली बसली.

थोड्या वेळानं खोपीतला दिवा लागला. करंट हुकला नाही म्हणून तिला बरं वाटलं. पाटात पाणी काही येईना, तेव्हा ती विहिरीवर गेली. दयाराम खाली पाण्यात पालथा पडला होता.

"काडी काढली असती तं वाचला असता," वायरमन म्हणाला. गावानं तेच धरलं. कलाबाई भर माणसांत ओरडली, "त्यायनं काडली होती! म्याच लावली, माह्या हातानं!" तिची नणंद सिंधूताई हिनं तिच्या तोंडावर हात ठेवला. भगवानराव म्हणाले, "दुःखानं भरमली बिचारी." त्यांना ते सोयीचंच होतं, त्यांच्या धमकीचं नाव कोणी काढलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अजूनही कोणी विषय काढला की ती भांडायला उठते. "माह्या मानसाले इसराळू म्हनू नका." मग माझ्याकडे पाहते. ती खरं बोलते हे मला ठाऊक आहे. पण हो म्हणायला माझं तोंड उघडत नाही, कारण हो म्हटलं तर नवरा तिनंच मारला, असं म्हटल्यासारखं होतं.