खोबरेल लावलेली साखळी

नवऱ्याने डोक्याला लावायचं खोबरेल हीटरवर वितळायला ठेवलं आणि त्या वासाने माझं डोकं फिरलं.

आठवला नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावातला तो लॉकडाऊनचा हिवाळा. माझी सायकल करकरायची. लॅपटॉपवरून नजर न हलवता हा म्हणाला, "ब्रेक घासतोय."

"अरे, पाय थांबवले की आवाज थांबतो. साखळी कोरडी पडलीय."

"मेकॅनिकल इंजिनियर मी आहे," म्हणत शेवटी उठला आणि दुकानं बंद म्हणून असंच खोबरेल वितळवून साखळीला चोपडलं.

सकाळच्या थंडीत ते साखळीवर मेणासारखं थिजलं. कोपऱ्यावरच साखळी निसटली. सायकल ढकलत परतले, तर खिडकीतून विचारतो, "गेला ना आवाज?"

आत्ताच ती बाटली हीटरवरून उचलून बाहेर बर्फात ठेवून आले. वितळव म्हणावं आता, इंजिनियर!