शेवंताबाईच्या घरातला कॅमेरा

शेवंताबाईचं दार दिवसा लावलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. पारोळ्याकडची ही पोर लग्न होऊन बोरी नदीकाठच्या या गावात आली, तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, दारात आलेली बाई पाणी न पिता गेली नाही पाहिजे. शेवंताबाईने ते देवाचं सांगणं असावं तसं पाळलं. सासू गेली. नवरा जीवराम गेला. एकुलता एक योगेंद्र पुण्याला कंपनीत लागला, तिकडचाच झाला. पण दुपारची भांडी घासून झाली की गल्लीतल्या बाया शेवंताबाईच्या पुढच्या खोलीत हजर. कुणी तूर निवडायला आणायची, कुणी गोधडी, कुणी नुसतं तोंड घेऊन यायची.

त्यात पहिली मंजुळाबाई. भिंतीला भिंत लागून घर. दोघी एकाच साली सुना म्हणून आलेल्या, दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढलेली. पुण्याची सून दिपमाला फोनवर विचारायची, "आई, एवढ्या घरात एकट्या कशा हो राहता?" शेवंताबाईला हसू यायचं. एकटी ती रात्री झोपेपुरती असायची.

मागच्या पावसाळ्यात न्हाणीत तिचा पाय सरकला. मंजुळाबाईनेच आवाज ऐकून धाव घेतली, तिनेच अमळनेरला दवाखान्यात नेलं. योगेंद्र आला, दोन दिवस राहिला आणि म्हणाला, "पुण्याला चल."

"नही रे भाऊ. आठे मन्हं बठ्ठं शे." सगळं इथेच असताना तिने पुण्याला जाऊन करायचं काय?

"मग कॅमेरा तरी बसवू दे. निदान दिसशील तरी मला."

या बोलण्यावर कोणती आई नाही म्हणेल? उलट तिला बरंच वाटलं. पोरगा कामाच्या गडबडीत आपल्याला बघणार. पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वरच्या बाजूला पांढरा गोल कॅमेरा बसला. त्यातून तिकडून बोलताही यायचं.

आता पुण्याच्या घरी दिपमालाचे वडील येऊन-जाऊन असत. म्हणजे फोन योगेंद्रच्या हातात असला तरी शेजारी व्याही बसलेले असतील, काय सांगावं? शेवंताबाई स्वतःच्या घरात डोक्यावर पदर घेऊन वावरायला लागली. तिचं बघून बाकीच्या बायाही खोलीत शिरताना पदर पुढे ओढायच्या.

"काय व शेवंता," मंजुळाबाई म्हणायची, "तुन्हा सासरा परत उना का? पदर पडू देत नही तू!"

गल्लीतली नवी सून रूपा वर बघून हळूच विचारायची, "मामी, ते आपलं बोलनं बी ऐकस का?"

"ऐकू दे," मंजुळाबाई म्हणायची. "तेले बी कळू दे कोनी सासू कशी शे ते."

हसायच्या सगळ्या. पण सासूचं गाऱ्हाणं सांगायला आलेली पोर आता सांगायची नाही. नवऱ्याच्या दारूचं बोलणं ओठापर्यंत यायचं आणि नजर वर जायची. देव्हाऱ्यातला देवही चोवीस तास बघतच होता की. त्याच्यासमोर या बाया चाळीस वर्षं रडल्या, भांडल्या, नाही नाही ते बोलल्या. तो कुणाला कधी मधेच टोकत नाही, म्हणून तर त्याच्यापुढे मन मोकळं होतं.

उन्हाळा आला आणि शेवंताबाईने उडदाचे पापड घातले. पुण्याला डबा पाठवायचा होता. पीठ आदल्या संध्याकाळी भिजवलं, सकाळी तेलाचा हात लावून कुटून कुटून मऊ केलं. बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन पुढच्या खोलीत बसल्या. मंजुळाबाई दोऱ्याने लाट्या कापायला बसली. ते काम तिचंच. पापडाला बोलावलेल्या बाईला मजुरी नसते. उद्या तिच्या घरी आपण जायचं, एवढंच. आणि जाताना घरच्या पोराबाळांसाठी थोड्या लाट्या न्यायच्या. त्या न विचारता न्यायच्या असतात. विचारलं तर घरधनीण रागावते, मी काय परकी आहे का म्हणून.

दुपार कलली. शेवंताबाई वाळत घातलेले पापड उलटायला गच्चीवर गेली. मंजुळाबाईला घरी नातवाला बघायचं होतं. तिने फळीवरचा छोटा डबा काढला, त्यात लाट्या भरल्या, वर तेलाची धार सोडली आणि उठली.

"ओ काकू! डबा कुठे चाललाय तो?"

भिंतीतून आवाज आला. लाटणी थांबली.

"आईला विचारलंय का?"

मंजुळाबाई जागच्या जागी उभी. मग तिने मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघून, एखाद्या माणसाशी बोलावं तशी, म्हणाली, "योगेंद्र, मी मंजुळा शे रे भाऊ. तुन्ही मंजुळामाय."

काही उत्तर आलं नाही. ती वाट बघत राहिली. रूपाने मान खाली घातली. पुण्याला त्याची कसली तरी मीटिंग सुरू झाली होती, म्हणून त्याने फोन बंद केला होता. हे नंतर कळलं. त्या वेळी सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की म्हातारी बाई भिंतीला आपली ओळख सांगते आहे आणि भिंत गप्प आहे.

मंजुळाबाईने डबा परातीशेजारी ठेवला, आपलं लाटणं उचललं आणि चपला घालून गेली.

शेवंताबाई खाली आली तर खोलीत आवाज नाही. "काय झायं व?" शेवटी रूपाने सांगितलं. उरलेले पापड बायांनी भराभर लाटून दिले, आणि निघताना एकीनेही लाटीला हात लावला नाही.

संध्याकाळी तिने योगेंद्रला फोन केला.

"अगं, मला काय माहीत मंजुळामाय आहे ते? डोक्यावर पदर, वरून तोंड कुठे दिसतं?"

"तिना हातनं जेयेल शे तू. तिले फोन कर. चुकलं म्हन."

"करतो गं. पण आई, मी विचारलंच ना फक्त? तुला कळत नाही, लोक फायदा घेतात. मी तुझ्या काळजीनेच बघतो ना?"

तो फोन त्याने केला नाही. शेवंताबाईने दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा त्याचा सूर चढला तेव्हा सोडून दिलं.

ती स्वतः डबा घेऊन मंजुळाबाईकडे गेली. मंजुळाबाईने डबा घेतला, चहा केला, नेहमीसारखी बोलली. निघताना म्हणाली, "तू येत जाय व. पन मी आते तुन्हा घर येवाव नही. पोरगा तुन्हा, घर बी आते तेन्हंच शे."

मग शेवंताबाईच दुपारी तिकडे जायला लागली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी फोन. "आई, घर रिकामं दिसतंय. दुपारभर असतेस कुठे? पडलीबिडलीस तर कळणार कसं मला?" तिने कॅमेऱ्याची पिन काढून ठेवली. तासाभरात योगेंद्रचा मित्र हितेंद्र अमळनेरहून मोटरसायकलवर धापा टाकत आला, पिन लावली, सगळं चालू केलं. रात्री योगेंद्र फोनवर रडला. खरंच रडला. म्हणाला, "तू असं केलंस तर मला घराला कुलूप लावून तुला इकडे आणावं लागेल. मी नाही जगू शकत या टेन्शनमध्ये."

त्याचं रडणं खोटं नव्हतं, म्हणून तर तिची वाट बंद झाली. खोटं असतं तर ती भांडली असती.

आता ती दुपारी घरातच बसते, कॅमेऱ्याला दिसेल अशी. दार उघडं असतं. रस्त्याने जाणारी बाई दारातूनच "जेवनं का व?" विचारते आणि पुढे जाते. पाण्याचा तांब्या भरलेला असतो, तो संध्याकाळी तुळशीला घालते. पलीकडच्या घरातून बायांचं हसणं भिंतीतून ऐकू येतं. त्यात मंजुळाबाईचं वेगळं ओळखू येतं.

परवा योगेंद्रचा फोन आला. आवाजात समाधान होतं. "आता कशी निवांत दिसतेस! नाहीतर सारखी वर्दळ असायची. हल्ली कुणी उगाच येऊन बसत नाही ना?"

"नही रे भाऊ," शेवंताबाई म्हणाली. "कोनीच येत नही."

"बरं झालं," तो म्हणाला.