टाकीबाहेरचा माणूस

पिंपरी-चिंचवडात आजवर जेवढी माणसं अंघोळ करून सुखरूप बाहेर आली, त्यांतली निम्मी तरी माझ्या बायकोच्या मामांच्या देखरेखीखाली आली असावीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी रहाटणीला त्यांच्या घरी अंघोळीला बसलो होतो. अंगाला उटणं, डोळ्यांत साबण, आणि एकदम दारावर टकटक. कोण आहे म्हणून विचारलं, तर बाहेरून भारदस्त प्रश्न आला, "आत किती?" नव्या जावयाला असला प्रश्न जगात कुणी विचारत नाही. मी चाचरत 'एकच' म्हणालो. त्यावर 'बरं, चालू द्या' अशी परवानगी मिळाली आणि तीन मिनिटांनी पुन्हा टकटक. त्या घरात कडी लावून पाच मिनिटं एकटं राहता येत नाही, हे बायकोने मला आधी सांगायला हवं होतं.

मामा चाकणच्या एका कंपनीत देखभाल खात्यात होते. निवृत्तीला सात-आठ वर्षं झाली, तरी कुणी कशाच्याही आत शिरलं की मामा बाहेर उभे राहतात. पाण्याची टाकी धुवायला माणूस उतरला की त्याच्या कमरेला दोरी बांधायची, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळायचं आणि टाकीच्या तोंडाशी बसायचं. मग टाकी छातीएवढी का असेना. एकदा सिंकखाली डोकं घातलेल्या प्लंबरच्या पायाला त्यांनी गुपचूप दोरी बांधली होती. तो उठायला गेला आणि भांड्यांच्या मांडणीसकट खाली आला. लिफ्टमध्ये शिरताना ते माणसं मोजतात आणि उतरल्यावर पुन्हा मोजतात. वऱ्हाडाच्या बसमध्ये एक माणूस कमी भरला म्हणून खोळंबा झालेला आपण पाहतो. मामांनी एक जास्त भरला म्हणून बस अडवून ठेवली होती. जास्तीचा माणूस ड्रायव्हर निघाला.

आम्ही सगळे हसायचो. मग एकदा भाजी निवडता निवडता मामींनी मला खरं काय ते सांगितलं, आणि माझं हसू आटलं. कंपनीत जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरवायचा तर एक आत आणि एक बाहेर, असा नियम होता. बाहेरच्याने दोरी धरून बसायचं, काही झालं तरी हलायचं नाही. मामांचा राजगुरुनगरचा जोडीदार आत उतरला होता. परत वर आला तो उचलून. आतल्या हवेने त्याचा घात केला होता. चौकशीत मामांनी सांगितलं की मी तोंडाशीच होतो, दोरी हललीच नाही. सगळ्यांनी ते मानलं, त्याच्या बायकोनेही मानलं.

"हे न्हवते तिथं," मामी म्हणाल्या. "चहाला गेलते. दोन मिंटं. ह्ये फक्त मला ठाव हाय."

त्यानंतर मामा जोडीदाराच्या घरी कधी गेले नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याकडे महामार्गाला लागून एक मोठं मत्स्यालय उघडलं. तिथल्या दोन मजली टाकीत पाठीला हवेचं नळकांडं लावून माशांमध्ये उतरता येतं, अशी जाहिरात मामांनी पाहिली आणि हट्ट धरला. वयाचं कारण सांगून तिथल्या लोकांनी नाही म्हटलं, तेव्हा मामांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणली. कशासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आतून कसं दिसतं, त्ये एकदा बघायचंय."

सोमवारी मत्स्यालय लोकांना बंद असतं. त्या दिवशी दुपारी फक्त आम्हा दोघांना बोलावलं होतं. मामांनी आधी नळकांड्याचा काटा स्वतः तपासला, मग बरोबर उतरणाऱ्या पोराला विचारलं, बाहेरचा माणूस कोण? तो म्हणाला, मी असतो ना तुमच्यासोबत. मामा म्हणाले, तू आतला झालास. त्या पोराने असा प्रश्न जन्मात ऐकला नव्हता. शेवटी मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, काचंसमोर उभं ऱ्हायचं. मी वर येईस्तोवर हलायचं न्हाई."

खालचं दालन रिकामं होतं. एक दार कुलूपबंद, दुसऱ्यातून मी आलेलो. दिवे विझवलेले, सगळीकडे निळसर उजेड आणि पंपाची घरघर. जमिनीपासून छतापर्यंत काच. तिच्यापलीकडे मासे एकाच दिशेने संथपणे फिरत होते. थोड्या वेळाने वरून मामा उतरले, मागोमाग तो पोरगा. काळ्या पोशाखात, पायांना बदकासारखे रबरी पडदे लावलेले मामा पाहून मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं. ते तळाशी गुडघे टेकून बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. तोंडातून बुडबुडे वर जात होते. मी ते मोजू लागलो.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. माझ्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टची लाइन बंद पडली होती आणि दालनात फोनचा आवाज नीट येत नव्हता. आत्ता येतो, असं मनाशी म्हणत मी दाराबाहेरच्या जिन्यात गेलो. परतलो तेव्हा दहा मिनिटं उलटून गेली होती.

दालन तसंच रिकामं होतं. पण मासे फिरायचे थांबले होते. मी जिथे उभा होतो त्या जागेसमोर सगळे गोळा झाले होते, तोंडं बाहेरच्या बाजूला. त्यांच्यामध्ये मामा त्याच रिकाम्या जागेकडे बघत होते. त्यांनी हात वर करून बोटांनी 'ठीक आहे'ची खूण केली. ती माझ्यासाठी नव्हती. मी तर अजून दारातच होतो. मी धावत काचेशी गेलो. काचेवर खांद्याच्या उंचीला एका पंज्याएवढी वाफ धरली होती, आणि मी बघत असतानाच ती विरून गेली.

बाहेर आल्यावर मामा लहान मुलासारखे खूश होते. गाडीत बसताच त्यांनी माझी पाठ थोपटली.

"शाब्बास. शेवटपत्तोर हलला न्हाई तुमी. हात काचंला लावून उभे व्हता."

हे ऐकून गप्प बसता आलं असतं. म्हाताऱ्याचं समाधान होतंय, तर होऊ द्यावं, असंही वाटलं. पण तेच दोन मिनिटांचं खोटं या माणसाने किती वर्षं वाहिलं होतं, ते मला माहीत होतं. मला शरम वाटली. मी सांगून टाकलं की मामा, मी मध्ये दहा मिनिटं नव्हतो. आणि मी काचेला हात लावलाच नाही.

मामांनी विचारलं, मग कोण होतं? मी म्हणालो, कुणीच नव्हतं, आत यायला दुसरी वाटच नव्हती. समोरच्या रस्त्याकडे बघत ते अगदी हळू आवाजात म्हणाले,

"त्याला माझ्यासाठी थांबायचं काय बी कारण न्हवतं हो."

मी गाडी घराकडे वळवायला लागलो, तर त्यांनी सरळ राजगुरुनगरला घ्यायला सांगितलं. चाकणच्या ट्रकांच्या रांगेत दीड तास गेला. घर त्यांना विचारत विचारत शोधावं लागलं. दार उघडलेल्या बाईंनी त्यांना लगेच ओळखलं आणि पदर सावरत आत यायला सांगितलं. मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तिथं न्हवतो."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मग बाई दारातून बाजूला झाल्या आणि मामा आत गेले. फोन वाजत होता, तो मी बंद केला. मामा बाहेर येईपर्यंत मी फाटकापाशी उभा होतो.