दारिंकाचा खोडलेला शिक्का

शनिवारी दुपारी मी अंडी द्यायला गेले, तेव्हा दारिंका मागच्या पायरीवर जुना पेपर पसरून डोंगराच्या बुटांना चरबी लावत बसली होती. तिचे दोन, थोरल्या लोव्रोचे दोन, छोट्या याकाचे दोन, असे सहा बूट ओळीने उन्हात चकाकत होते. मधल्या ब्रीनाचे दोन तसेच कोरडे, नाडीला मागच्या महिन्याचा चिखल. चरबीचा डबा उघडा, फडकं हातात, आणि ही नुसती बसलेली.

मी विचारलं, हे राहिले का? ती म्हणाली, "ती येते म्हणाली तर लावीन. न विचारता तिचं काही करायचं नाही, असं ठरवलंय, ताई."

हे ठरवण्यामागे एका आठवड्याची गोष्ट आहे. ती मी त्या त्या दिवशी वहीत टिपली होती, आता जोडून लिहिते.

दारिंका आमच्या शेजारची. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दीडशे पोरांना रोज सूप वाढते, आणि कुणाला गाजर चालत नाही हे तिला पाठ असतं. नवरा बोयान मोठा ट्रक चालवतो, पंधरा पंधरा दिवस जर्मनीकडे. म्हणजे तीन पोरं, त्यांचा अभ्यास, त्यांची सर्दी, सगळं हिच्यावर. तरी शनिवारी लोव्रोची हँडबॉलची मॅच तिने एकदाही चुकवलेली नाही. बाकीच्या आया कठड्यावर चढून ओरडतात. ही गोलच्या मागे उभी राहून मोजे विणते. लोव्रो दहा वर्षांचा आहे, गोलकीपर आहे. गोल खाल्ला की तो मागे वळून बघतो, तर आईची सुई चालूच असते. तो म्हणतो, आई ओरडत नाही म्हणून मला पुढचा अडवता येतो. एकदा अकरा गोल खाल्ले त्याने. त्या दिवशी एक मोजा पुरा झाला होता, एवढंच ती बोलली, आणि पोरगा हसत हसत घरी आला.

रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा झाली की ती पोरांना घेऊन डोंगरावर. आमच्या खोऱ्यात सगळेच जातात म्हणा. पण पावसाची भुरभुर असताना, याकाला पाठीवरच्या झोळीत घालून, हातात लिंबाच्या चहाचा थर्मास घेऊन, भेटेल त्याची विचारपूस करत जाणारी ही एकच. याका तीन वर्षांचा. त्याला झोळीत बसायचं असतं आणि बूटही घालायचे असतात. सगळी वाट तो त्या बुटांनी आईच्या बरगड्यांत लाथा मारतो. मी म्हटलं, अगं काढ ते बूट. तर म्हणते, "काढले तर तो चालायचा कधी? बूट आहेत म्हणून निदान त्याच्या मनात तरी येईल."

पोरांच्या गिर्यारोहण मंडळाची एक पद्धत आहे. प्रत्येकाला एक छोटी पुस्तिका. डोंगरमाथ्यावर लोखंडी पेटीत शिक्का आणि वही असते. वर पोचलं की शिक्का मारायचा, वहीत नाव लिहायचं. वर्षात बारा माथे झाले की हंगामाच्या शेवटच्या रविवारी डोंगराखालच्या मंडळाच्या झोपडीत भाजलेल्या चेस्टनटच्या वासात मंडळाचे चिरिल गुरुजी छातीला बिल्ला लावतात. आमच्या प्रिमोझच्या डोंगरावर तर छोटं चर्चही आहे आणि त्याची घंटा. जो स्वतःच्या पायांनी वर आला त्याने एकदा दोर ओढायचा. झोळीतल्याने नाही. तो आवाज खाली गावात स्पष्ट येतो, आणि भाजी निवडता निवडता आम्ही बायका मोजतो, आज किती चढले.

ब्रीना सात वर्षांची, मधली. तिचे अकरा शिक्के झाले होते. बारावा प्रिमोझचा ठेवला होता, घरचा डोंगर म्हणून शेवटी. लोव्रोचाही तोच राहिला होता. पुस्तिका बुधवारपर्यंत गुरुजींकडे द्यायच्या होत्या, म्हणजे तो एकच रविवार हातात. आणि त्याच सकाळी ब्रीना तापाने फणफणली.

मी म्हटलं, तू लोव्रोला आणि याकाला घेऊन जा, मी हिच्यापाशी बसते. दारिंकाचा पाय निघेना. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेव्हा मीच दारिंकाला दारात गाठून हळूच म्हणाले, तिची पुस्तिका खिशात टाक आणि तूच मार शिक्का. आजारी लेकरासाठी आईने एवढं केलं तर देव काही हिशेब मागत नाही. हे माझेच शब्द. खोटं कशाला लिहू? ती आत जाऊन पुस्तिका घेऊन आली.

अकराच्या सुमारास घंटा झाली. मी जपमाळ घेऊन पलंगाशी बसले होते. ब्रीनाचे डोळे मिटलेले, पण बोटं पांघरुणावर मोजत होती. एक टोला लांब, जोरदार. मग एक आखूड. मग थोड्या वेळाने आणखी एक, तसाच आखूड.

"पहिला लोव्रोचा," ती डोळे न उघडता म्हणाली. "दुसरा आईचा. काकू, तिसरा कुणाचा?"

मी म्हटलं, दुसरं कुणी चढलं असेल. ती म्हणाली, नाही, तोही आईच्याच हातचा आहे, आई अर्धाच दोर ओढते. मी जपमाळेचा पुढचा मणी धरला. शनिवारी चर्चमध्ये कबुलीला गेले तेव्हा फादरना पहिल्यांदा हेच सांगितलं.

दुपारी दारिंका आली ती गालावर थंडी घेऊनच. बूटही न काढता पलंगाशी गेली आणि पुस्तिका उघडून ब्रीनाच्या मांडीवर ठेवली. बाराव्या चौकोनात जांभळा शिक्का होता, शाई जराशी फिकट. आईचा चेहरा असा होता, की हिलाच बिल्ला मिळालाय.

ब्रीनाने शिक्क्याकडे बघितलं. मग आईकडे.

"तिसरी घंटा तू वाजवलीस?"

"तुझ्यासाठी, राणी."

"पण मी तर इथे होते."

दारिंका म्हणाली, हो, पण बरी असतीस तर तू आलीच असतीस की. पोरगी रडली नाही, चिडली नाही. पानं मागे उलटत पहिल्या शिक्क्यापर्यंत गेली. तो ती चार वर्षांची होती तेव्हाच्या जुन्या पानावर होता. मग सावकाश एकेक करत या वर्षीच्या पानांवर आली.

"मग हे अकरा? यातले पण तूच मारलेत का?"

तिने पुस्तिका मिटून आईच्या हातात दिली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

संध्याकाळी दारिंका माझ्याकडे सफरचंदांचं पातेलं घेऊन आली, सोलायला म्हणून. दोन सोलली आणि सुरी खाली ठेवली. मी समजूत घातली, की पोरं विसरतात, उद्या ताप उतरला की बिल्ल्यासाठी नाचेल. ती म्हणाली, "विसरली तर जास्तच वाईट, ताई. अकरा वेळा ती माझ्या मागे मागे चढली. पाय दुखले, घसरली, एकदा वाटेत ओकली, तरी चढली. आज मी एका शिक्क्याने ते सगळं पुसलं. आता मी काहीही म्हटलं तरी ती मनात विचारणार, हे खरं की आईने मारलेलं?"

सल्ला माझा होता, पण तिने ते एकदाही तोंडातून काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तिच्या जागी मी असते तर काढलं असतं.

बुधवारी शाळेचं स्वयंपाकघर धुऊन ती दोन्ही पुस्तिका घेऊन चिरिल गुरुजींकडे गेली. मला सोबत नेलं. बहुतेक एकटीला धीर होत नव्हता. गुरुजी कडक. त्यांनी आमच्या पिढीलाही शिकवलंय, रस्त्यात भेटले की अजून आपोआप पाठ ताठ होते. तिने ब्रीनाचं पान उघडून समोर धरलं. बाराव्या शिक्क्यावर पेनाने आडवी रेघ होती, खाली लिहिलेलं: ब्रीना इथे नव्हती. आई होती. आणि सही.

गुरुजींनी चष्मा वर केला. म्हणाले, अशी रेघ तीस वर्षांत बघितली नाही. अर्ध्या खोऱ्यातली पोरं बापाच्या खांद्यावर बसून शिक्के गोळा करतात, मी ओरडतो आणि बिल्ले देतो. पोरीने अकरा खरे केलेत, ताप काही तिने मागून आणला नव्हता. जा, बिल्ला मिळेल.

दारिंका म्हणाली, "तुम्ही द्याल, गुरुजी. ती घेणार नाही."

गुरुजींनी ब्रीनाची पुस्तिका मिटून तिला परत दिली. आमच्याकडे गावात सगळे त्यांना तुम्ही म्हणतात आणि हजार मीटरच्या वर गेलं की तू. डोंगरावर सगळे एकमेकांना तूच म्हणतात, फादरना सुद्धा. गुरुजी म्हणाले, "डोंगराचं बोलणं आहे, तर मला तू म्हण. आणि ऐक. पुस्तिका मी रविवारी बिल्ले लावायच्या आधी, बारापर्यंत घेतो म्हणून काही आभाळ कोसळत नाही. टेबलाशी बसलेलाच असणार मी."

एवढं झालं. पण पोरीला कोण सांगणार? बळजबरीने वर नेलं तर तोही आईनेच मारलेला शिक्का. दारिंकाने गुरुवारी जेवताना एकदाच सांगितलं: मी चुकले, पानावर रेघ मारली, गुरुजींना सांगितलं, रविवारी सकाळी मी वर जाणार आहे, ज्याला यायचंय त्याने यावं. ब्रीनाने सूप संपवलं, पण येते म्हणाली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी सकाळी नाही. लोव्रोने तिला चिडवलं, की ही पोपच झालीय, हिच्यासमोर आता आईने कबुली द्यायची. त्याला आईने एका नजरेत गप्प केलं.

म्हणून शनिवारी दुपारी ते दोन कोरडे बूट.

मी अंडी ठेवून निघणार, तेवढ्यात आतून ब्रीना आली. नाक अजून लाल, गळ्यात मफलर. तिने आईच्या बाजूचं फडकं उचललं, डब्यात बोट घातलं आणि आपल्या उजव्या बुटाला चरबी लावायला बसली. खूपच जास्त घेतली होती. दारिंकाचा हात पुढे गेला आणि अर्ध्यातून मागे आला. नाडीत गोळे झाले, पेपर भिजला, पायरीवर डाग पडला. तो डाग अजून आहे.

रविवारची मिस्सा बुडू नये म्हणून त्या संध्याकाळीच सगळे मिस्सेला आले. बोयान नेमका त्या दिवशी परतला होता, तो बसल्या बसल्या डुलकत होता. सकाळी त्याला याकासोबत झोपू दिलं आणि तिघं सातला निघाली.

मी अंगणात पावटे सोलत बसले. नऊ वाजले, साडेनऊ. खोऱ्यात धुकं होतं, डोंगर दिसत नव्हता. ताप उतरून चारच दिवस झालेले, वाट ओली. देवाला म्हटलं, मागच्या रविवारी तुझ्या नावाने मी नको ते बोलले, त्याचा राग पोरीवर काढू नकोस. दहा वाजून गेल्यावर घंटा झाली. एकच टोला. लांब, वेडावाकडा, मध्येच तुटून पुन्हा लागलेला, दोराला लटकल्यासारखा. मी पुढच्या टोल्याची वाट बघितली. आला नाही. लोव्रोचा नाही, दारिंकाचाही नाही. आज दोर फक्त एकीचाच होता.

मी आधीच झोपडीत जाऊन बसले होते; बाराला पाच कमी असताना ती तिघं पोचली, गुडघ्यापर्यंत चिखल. चेस्टनट फुटत होते, पोरं बाकांवर बसली होती. ब्रीना थेट टेबलाशी गेली आणि पुस्तिका उघडली. रेघेच्या बाजूला नवा चौकोन आखलेला होता, पण त्यात काहीच नव्हतं. शिक्का वाळला होता. ती म्हणाली, मी तीनदा दाबला, तोंडाची वाफ दिली, लोव्रोने थुंकी लावू का विचारलं, आई नको म्हणाली. वहीत नाव लिहिलंय.

चिरिल गुरुजी म्हणाले, घंटा मी ऐकली, अख्ख्या गावाने ऐकली, शिक्क्याचं काय घेऊन बसलीस. आणि काडेपेटीतून बिल्ला काढला. तो तिच्या छातीपाशी आला तेव्हा मी दारिंकाकडे बघितलं. तिने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घट्ट कोंबले होते आणि ती भिंतीवरचा नकाशा वाचत होती. पोरीनेही आईकडे एकदा बघितलं. आईने काही खुणावलं नाही.

"शिक्का आणते," ब्रीना म्हणाली. "मग लावा. आई, आपण पुढच्या शनिवारी जायचं? मॅच झाल्यावर?"

"जाऊ," दारिंका म्हणाली.

"आणि ते बाकीचे अकरा खरेच आहेत. मला आठवतंय. एका ठिकाणी मी ओकले होते."

गुरुजींनी बिल्ला परत काडेपेटीत ठेवला, वर तिचं नाव लिहिलं. लोव्रोचा लागला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच होत्या. नंतर दोघी एका पुडीतले चेस्टनट सोलत बसल्या. ब्रीना सोलून आईच्या तोंडात घालत होती, अर्धी साल तशीच, आणि दारिंका ते चावून खात होती.

निघताना गुरुजींनी दारिंकाला हाक मारली. पेटीतली शाई वाळली हा मंडळाचाच हलगर्जीपणा, म्हणाले, पण वर तूच जाणार आहेस तर नवी शाई नेशील का? ती म्हणाली, "नेते की, चिरिल," आणि मग जीभ चावली, कारण आपण खाली होतो. ते हसले.

उद्या सूप वाढून झालं की ती पोस्टाशेजारच्या दुकानातून जांभळ्या शाईची बाटली आणायला जाणार आहे.