पोवळ्याला हंड्यातलं पाणी

माझ्या बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलं की तुमच्या माशांच्या टाकीतलं मऊ पोवळं फार वाढलंय आणि रविवारी ओट्यावर, भाजीच्या सुरीने ते कापणार आहात. मी तेव्हा फोनवर नको एवढंच म्हटलं. त्याचं कारण नीट सांगायला हवं, म्हणून आजच लिहायला बसले.

नव्वदीच्या दशकात आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो तेव्हा केबिन रोडवरच्या एका दुकानातून मी घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसाठी एक पोवळं आणलं होतं. दगडाचं नव्हे, मऊ जातीचं: जाड देठ, वर छत्रीसारखी घडीघडीची टोपी, आणि टोपीवर बारीक केसांसारखे तंतू. तुमच्या आजोबांना ते शिळ्या भाकरीसारखं दिसायचं. पण तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्याचं वेड लागलं. सकाळचा चहा त्या टाकीसमोर घ्यायच्या. पोवळं उमललं की मला हाक मारायच्या, "अगं, उठलं बघ."

मग ते उमलायचं थांबलं. टोपी आक्रसली, एका बाजूला काळपट चिकट डाग पडला, पाण्याला वास येऊ लागला. मी मिठाचं प्रमाण तपासलं, दिवा तपासला, काही सापडेना. शेवटी घरात एकेकाला विचारलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "टाकीतलं पाणी आटतं ना, मी रोज भर घालते. टँकरचं नाही हो, आपल्या हंड्यातलं."

आमचा हंडा तांब्याचा. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी त्यात, म्हणून त्यांनी ते पोवळ्याला दिलं. माणसाला चालणारं ते तांबं पोवळ्याला मात्र विष असतं. हे कळल्यावर त्या जेवल्या नाहीत. "माझ्या हातून जीव गेला," एवढंच म्हणाल्या. आजोबा म्हणाले, टाकून दे आता, वास मारतोय. मी ठरवलं की टाकायचं नाही. अर्धी टोपी अजून चांगली होती. मी दुकानातून मत्स्यपालनाचं एक इंग्रजी पुस्तक मागून आणलं, दोनदा वाचलं आणि कामाला लागले.

आधी टाकीतलं बरंचसं पाणी बदललं. प्लास्टिकच्या बादलीत आदल्या दिवशीच मिठाचं पाणी करून त्यात हवा सोडून ठेवली होती. टाकीच्या फिल्टरमध्ये पाणी गाळायचा नवा कोळसा घातला, कारण तो तांबं ओढून घेतो. मग पंपाची आणि दिव्याची बटणं बंद करून प्लग काढले आणि दगडासकट पोवळं एका टबात घेतलं. टाकीत कधीही कापू नका. कापलं की ते चिकट विषारी रस सोडतं आणि टाकीतलं बाकी सगळं त्यात मरतं. टब गॅलरीत ठेवला. स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरलं नाही. रबराचे हातमोजे घातले आणि आजोबांचा स्कूटरचा चष्मा लावला. तो रस डोळ्यात किंवा हातावरच्या जखमेत गेला तर माणसालाही महागात पडतं. पोवळ्याच्या दगडावर उकळतं पाणी तर कधीच ओतायचं नाही, वाफेतून विष छातीत जाऊ शकतं.

नव्या ब्लेडने मी काळा भाग पूर्ण सोडून कापलं, चांगल्या भागाचे तुकडे केले आणि ते वेगळ्या खाऱ्या पाण्यात हलवून धुतले. अडलं ते पुढेच. तुकडा दगडाला धरेना. गोंद त्या चिकट अंगावर टिकत नव्हता. दोरा बांधला तर तो तुकड्यात रुतून त्याचे दोन भाग झाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "गजऱ्याचं फूल असं आवळतात का? दे इकडे."

"आधी मोजे घाला, आई."

"बांगड्या आहेत हातात."

"मग कोपरापर्यंत सरकवा. मोज्यांशिवाय हात लावू देणार नाही."

"जन्मभर मासे साफ केले, तेव्हा कुणी मोजे दिले नाहीत," असं पुटपुटत त्यांनी बांगड्या वर सरकवल्या आणि मोजे चढवले. मग जुन्या मच्छरदाणीचे चौकोन कापून प्रत्येक तुकड्यावर झाकले आणि वरून सुती दोरा गजऱ्यासारखा दगडाभोवती फिरवला, धरेल इतकाच घट्ट. बोटांना सवय होती. सगळं झाल्यावर मी त्यांना साबणाने हात दोनदा धुवायला लावले. त्या रात्री त्या जेवल्या.

काही तुकडे कुजले. ते दिसताच मी काढून टाकत गेले, नाहीतर पाणी पुन्हा बिघडलं असतं. उरलेल्यांनी हळूहळू दगड धरला. जाळी सोडवली त्या सकाळी एका तुकड्यावर तंतू उठले होते. सासूबाई चहाचा कप घेऊन समोर बसून राहिल्या. भर घालायचं काम त्यांनी सोडलं नाही. फक्त त्यानंतर आधी मला विचारायच्या, हे पाणी कुठलं.

पुढे घरी पोवळी ठेवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आली. तेव्हा तुमच्या आजोबांनी रीतसर अर्ज केला आणि सगळे दगड एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला दिले. तुम्ही राहता त्या देशाचा कायदा आधी पाहून घ्या, मगच ब्लेड हातात घ्या.

गेल्या महिन्यात मी त्या कॉलेजात जाऊन आले. पणजीने बांधलेल्या तुकड्यांपैकी एक तिथल्या टाकीत अजून जिवंत आहे.