बारा की तीस

रिटायर झाल्यावर मला कुणी काही विचारेल असं वाटलं नव्हतं. तशात रायपूरहून एका सरकारी समितीचा कागद आला. पुढं कोणतं तंत्रज्ञान येणार, कोणतं जाणार, याचा अंदाज त्यांना जुन्याजाणत्यांकडून हवा होता. पहिलाच प्रश्न: कोळशावर लोखंड गाळणाऱ्या ब्लास्ट फर्नेस आणखी किती वर्षं चालतील? कुणी काय लिहिलं हे बाकीच्यांना कळणार नव्हतं, ते बरंच झालं. मीटिंगमध्ये साहेब म्हणतील तोच सगळ्यांचा आकडा, माझाही. नोकरी अशीच गेली. या वेळी मात्र मनातलं लिहिलं. बारा.

त्याच आठवड्यात पोरीला दोन नोकऱ्या चालून आल्या. एक इथल्याच, माझ्या जुन्या पोलाद कारखान्यातल्या फर्नेसवर, दुसरी पुण्याला बॅटरीच्या कारखान्यात. बायको गेल्यापासून दुर्गजवळच्या खुर्सीपारच्या घरात आम्ही दोघंच होतो. फर्नेस किती टिकेल, असं तिनं मला विचारलं. जेवता जेवता मी सांगितलं, तीस वर्षं तरी तिला मरण नाही. पोरीनं इथंच राहायचं ठरवलं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे मी लोकांना फार ऐकवत आलो होतो.

पंधरा दिवसांनी त्याच प्रश्नांची दुसरी फेरी आली. माझं टपाल नेहमी पोरगीच वाचून दाखवायची, आणि मी मूर्खासारखं पाकीट तिच्याच हातात दिलं. बहुतेकांचं उत्तर तीस, तुमचं बारा. उत्तर बदला किंवा कारण लिहा, एवढं वाचून ती थांबली.

"बाबा, मले तं तुम्ही तीस सांगितले होते."

"तू गेली तं मी कोणासंग बोलू?"

ती रागावली नाही. चहा केला, माझ्याजवळ बसली, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला होकार कळवला. दुर्ग स्टेशनवर जयभीम करून गाडीत चढली. आमच्या गल्लीत सगळा कारभार हिंदीत चालतो, मराठी आम्ही दोघं घरातच बोलायचो. आता फोन येईपर्यंत मी दिवसभर मराठी बोलत नाही. फार एकटं वाटतं.

कागद तसाच पडला होता. तीस करून टाकले असते तर कुणी काही विचारलं नसतं. मी बाराच ठेवले. कारणाच्या जागी कोळसा, धूर, हायड्रोजन असं बरंच लिहिलं आणि खोडलं. मग एवढंच लिहिलं: माझ्या मुलीला फर्नेसवर नोकरी मिळत होती. ती पुण्याला गेली, आणि तिनं बरोबर केलं.