उसाच्या फडातले दोन ट्रॅक्टर

नोकरीत मयतं पुष्कळ पाहिली, पण श्रीरामपूरकडच्या पोलीस ठाण्याला असताना उसाच्या फडात पाहिलेला तो माणूस अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

सकाळची हजेरी चालू असताना गावातून फोन आला: दोघा चुलतभावांत बांधावरून मारामारी झाली, थोरला मेला, धाकटा घरात दडून बसलाय. आम्ही पोहोचेपर्यंत गावानं निकालही लावून टाकला होता. पाटाच्या पाण्यानं रान चिबाडून चिखल झालेलं, त्यात धाकट्यानं ट्रॅक्टरला जोडलेली उसाची ट्रॉली बांधावरून घातली आणि दोन्ही रुतली. थोरल्यानं पुढं स्वतःचा ट्रॅक्टर लावून वाट अडवली, म्हणून धाकट्यानं मागून घाव घातला. प्रेत थोरल्याच्याच ट्रॅक्टरशेजारी पडलं होतं आणि जखम खरोखरच डोक्याच्या मागच्या बाजूला होती. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मयताच्या बायकोनं फिर्यादीत हेच सांगितलं. हत्यार मात्र सापडेना.

धाकट्याला ताब्यात घेतलं. तो एकच म्हणायचा, "माझ्यामुळं मेला, साहेब." कबुली मिळाली म्हणून माझे सहकारी खूश. मला अशा आयत्या कबुलीचा रागच येतो. कशानं मारलंस, असं विचारलं की हा पुन्हा तेच म्हणायचा.

मी जागा पुन्हा बघायला गेलो. ट्रॉलीच्या चाकांखाली पाचट आणि दगड कोंबलेले होते. पण थोरल्याचा ट्रॅक्टर वाटेत आडवा नव्हताच. रुतलेल्या ट्रॅक्टरकडं पाठ करून तो सरळ उभा होता आणि त्याची मागची चाकं जमीन उकरून खाली गेली होती. वाट अडवणाऱ्याला चाकं फिरवायचं काय कारण? हा गडी ओढत होता.

आमची जीप चिखलात अडकली की चालक ताणलेल्या तारेच्या दोरावर ओलं पोतं टाकायचा आणि आम्हाला सगळ्यांना लांब हाकलायचा. दोर सुटलाच, तर पोत्याच्या वजनानं खाली पडतो. नाहीतर समोरच्या माणसाचा जीव घेतो.

ठाण्यात येऊन धाकट्याला चहा दिला आणि विचारलं, "दोरावर पोतं टाकलं होतं का रे?"

तो ढसाढसा रडायला लागला. "न्हाई साहेब. दोर माझाच, लई जुना. त्यानं जोर लावला आन् माझ्याकडच्या हुकाचं तोंड फाकलं. दोरासकट हूक त्याच्या डोस्क्यात बसला. मी घाबरून समदं हिरीत टाकलं."

"तू बोलावलं होतंस त्याला?"

"न्हाई. तो ट्रॅक्टर घिऊन रस्त्यानं चालला हुता, थांबला. माझ्याकडं न बघता म्हनला, दोर हाय का? हे कुनाला खरं वाटलं आसतं, साहेब?"

विहीर उपसून दोर काढला. जखम त्या हुकानं होऊ शकते, असा अभिप्राय डॉक्टरांनी दिला. खुनाचं कलम गेलं, निष्काळजीपणाचं राहिलं.

मयताच्या बायकोला सांगायला मी स्वतः गेलो. ती म्हणाली, "निघताना म्हनले, चक्कर मारून येतो. तिकडं थांबनार म्हनून कळलं आसतं, तर मीच जाऊ दिलं नसतं."

त्या दोन घरांतलं वैर अख्ख्या गावाला तोंडपाठ होतं, आम्हीही ते लगेच लिहून घेतलं. माया तेवढी त्या दोघांनाच ठाऊक होती. त्यातला एक मेला आणि दुसऱ्याला ती बोलून दाखवायची भीती वाटली, याचं मला अजून वाईट वाटतं.